हेडमास्तरांपेक्षा एक रुपया जास्त

चि. अनिकेत आणि चि. मीरा,

गेल्या रविवारी अनिकेत फोनवर म्हणाला, "आजी, आमच्या कॉलेजात सगळ्यात जास्त पगार कोणाला असेल, ओळख." मी म्हटलं, प्राचार्यांना. तो म्हणाला, नाही, खेळांच्या प्रमुखाला; आणि थोडाथोडका नाही, प्राचार्यांच्या कितीतरी पट. त्याची अपेक्षा होती की मी चिडेन, कारण मी जन्मभर वर्गात इंग्रजी शिकवत आले. मी चिडले नाही. मी इतकी हसले की मीरानं मागून विचारलं, आजीला ठसका लागला का?

हसू कशाचं आलं ते फोनवर सांगता आलं नाही. परदेशच्या फोनला मिनिटामिनिटाचे पैसे पडतात आणि ही हकिगत मिनिटांत मावणारी नाही. शिवाय ती ठाऊक असलेलं दुसरं माणूस आता उरलेलं नाही. माझी शाळासोबतीण यमू गेल्या पावसाळ्यात गेली. तेव्हा माझी नजर शाबूत आहे तोवर लिहून ठेवते.

आमच्या शाळेत एक ड्रिल मास्तर होते. त्यांची वर्षानुवर्षं एकच मागणी होती: आपला पगार हेडमास्तरांपेक्षा एक रुपया जास्त असावा.

तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं आणि दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. गाव म्हणजे स्टेशन, आणि स्टेशनाभोवती तांदळाच्या गिरण्या, विड्यांचे कारखाने, मालधक्का. शाळा गावातल्या मंडळींनी वर्गणी काढून चालवली होती. तिची एक कमिटी होती आणि माझे बाबा, म्हणजे तुमचे पणजोबा, वकिली सांभाळून त्या कमिटीचे चिटणीसपण करत. बैठका आमच्याच घरी, पुढच्या खोलीत होत. त्यामुळे शाळेत कोणाला किती पगार आहे हे मला इतिहासातल्या सनावळ्यांपेक्षा चांगलं पाठ होतं. सगळ्यांत वर हेडमास्तर, मग इंग्रजीचे मास्तर, मग गणिताचे, मग संस्कृतचे शास्त्रीबुवा, चित्रकलेचे, त्यांच्या खाली कारकून, आणि कारकुनाच्याही खाली ड्रिल मास्तर. त्यांच्या खाली फक्त घंटा वाजवणारा शिपाई.

मास्तर उंच आणि हाडकुळे होते. उभे असले तरी टाचा जमिनीला टेकलेल्या नसत. आता निघतील असं वाटे. खाकी अर्धी चड्डी, बारा महिने तोच काळा कोट, आणि पाय अनवाणी. कोट शाळेनं घालायला लावला म्हणून घालत. बूटही दिले होते, ते त्यांनी शिपायाला देऊन टाकले. कोटाच्या खिशात भाजलेली मोहफुलं असत. धावण्याची शर्यत झाली की मोहफुलं मिळत, पण पहिल्याला नाही, शेवटच्याला. कोणी तक्रार केली तर म्हणत, "पयला आला त्याले पयला आल्याचा आनंद भेटला ना बे? मंग या बिचाऱ्यानं काय खावं?"

शिट्टी त्यांनी कधी वापरली नाही. शाळेच्या कुंपणापलीकडेच रूळ होते आणि दिवसभर इंजिनांच्या शिट्ट्या चालत. मास्तरांचं म्हणणं, शिट्टीवर गाडी हलते, माणूस कायले हलावं? ते प्रत्येकाला हाक मारत, तीही नावानं नाही, चालीवरून. कोणी कसा चालतो यावर त्यांची सारी दुनिया बेतलेली होती. एकजण 'बैलगाडी', एकजण 'उंदीर', आणि मी 'बदक', कारण माझे चवडे बाहेरच्या बाजूला वळत. रस्त्यात बाबांबरोबर जात असले तरी पलीकडून हाक येई, "बदक, पाय सरळ!" बाबा टोपी सावरत पुढे चालू लागत. त्यांनाही काही नाव असणार, पण ते आम्हाला कधी कळलं नाही.

मास्तर बसत नसत. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्यासाठी खुर्ची होती, तिच्यावर ते आपला डबा ठेवत आणि स्वतः खिडकीशी उभे राहून जेवत. या न बसण्याचं आणि त्या एका रुपयाचं मूळ एकच होतं. त्यांचे वडील सालेकसा भागात डाकेचे हरकारे होते. खांद्यावर टपालाची थैली आणि हातात घुंगरं बांधलेली काठी घेऊन ते रानातून धावत. जनावरांनी दूर व्हावं म्हणून घुंगरं. लहानपणी मास्तर त्यांच्यामागून धावत.

एकदा बाबांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही पाच रुपये वाढवून मागा, मी कमिटीशी भांडून मिळवून देतो. हे हेडमास्तरांपेक्षा एक जास्त म्हणजे काय?"

मास्तर दारातच उभे होते. म्हणाले, "वकीलसाहेब, माहा बाप धावून राहे आन् पोस्टमास्तर बसून राहे. डाक पोचवे बाप. पगार मातर बसनाऱ्याले जास्त. मी लहान होतो, बापाले पुसलं, काऊन असं? बाप म्हने, अशीच रीत हाये. तवाच म्या ठरवलं, एक डाव तरी धावनाऱ्याले बसनाऱ्याच्या वर न्याचं. जास्त नोको. एक रुपया."

"अहो, पण हेडमास्तर बी.ए. आहेत."

"हव ना. बसूनच झाले ना बी.ए.?"

बाबा हसले. मास्तर हसले नाहीत.

दुसरी त्यांची तऱ्हा पगार घेण्याची. कारकुनाच्या खोलीत जाऊन त्यांनी कधी पगार घेतला नाही. जिथं काम केलं तिथं दाम, असा त्यांचा कायदा. पगाराच्या दिवशी कारकून धोतराचा सोगा एका हातात आणि दौत दुसऱ्या हातात घेऊन मैदान ओलांडत येई. "मास्तर, ऑफिसात चला हो, इथं शाई सांडते," असं तो दर महिन्याला म्हणे. मास्तर एखाद्या मुलाला ओणवं व्हायला सांगत, त्याच्या पाठीवर पगारपत्रक ठेवून सही करत, आणि सगळ्या वर्गासमोर पैसे घेत. "पाहून घ्या बे, धावाचे बी पैसे भेटते." मुलांना ते इतकं आवडे की ओणवं होण्यासाठी भांडणं होत.

एका वर्षी शाळातपासनीस आले. त्यांनी मास्तरांना विचारलं, तुमचं शिक्षणाचं सर्टिफिकेट कुठे आहे? दुसऱ्या दिवशी मास्तर वडिलांची घुंगरांची काठी घेऊन आले आणि तपासनिसांच्या टेबलावर आडवी ठेवली. तपासनीस भला माणूस होता. त्यानं काठी वाजवून पाहिली आणि म्हणाला, "मास्तर, हे फायलीला लावता येणार नाही." सरकारी अनुदानात मास्तरांचं नाव बसलं नाही ते नाहीच. त्यांचा पगार कमी राहण्याचं खरं कारण ते होतं, आणि ते बाबांनाही बदलता येत नव्हतं.

आता हे सगळं आम्ही मुली लांबून पाहत असू, हे सांगायला हवं. शाळेत आम्ही मुली बोटांवर मोजण्याइतक्या होतो. ड्रिलचा तास फक्त मुलांचा. त्या वेळी आम्ही वर्गात बसून शिवण करायची असा नियम होता. घरात माझी आत्या होती, बाबांची थोरली बहीण. तिच्यापुढे मी एकदा ड्रिलचा विषय काढला, तर म्हणाली, "चारचौघांत उड्या मारायच्या? त्यापेक्षा शाळाच नको." शाळा नको म्हटल्यावर माझं तोंड बंद. मी शिवणाच्या टाक्यांतून मैदानाकडे बघत राही. मला धावायचं होतं. का, ते सांगता आलं नसतं. तहान का लागते हे कोणाला सांगता येतं?

मग ती दिवाळी आली. लष्कराला तांदूळ लागत होता आणि गिरण्या दिवसरात्र चालत होत्या. आमच्याकडे उसना तांदूळ करतात, म्हणजे धान आधी उकडायचं, मग उन्हात वाळवायचं आणि मग गिरणीत घालायचं. वाळवायला जागा फार लागते. गिरणीवाले एक शेठ कमिटीवर होते. त्यांनी बैठकीत विषय काढला की शाळेचं मैदान होळीपर्यंत भाड्यानं द्या. त्याच बैठकीला नेमके मास्तर आपली वार्षिक मागणी घेऊन दारात उभे. मी आतल्या दाराआड वाती वळत बसले होते.

शेठ हसून म्हणाले, "आइए मास्टरजी, वही एक रुपया?"

"वोईच शेठजी."

बाबा म्हणाले, "मास्तर, आज मैदानाचाच विषय आहे. शेठजी भाडं देतायत, पण त्यातून तुमची मागणी काही पुरी होत नाही."

 मैदान गेलं तर मास्तर काय करणार होते? त्यांनी विचारलं, "शेठजी, वाळत घातलेलं धान फिरवतेत ते पायानंच ना?"

"पैर से ही. औरतें फिराती हैं, दिन भर."

"मंग माहे पोट्टे फिरवतीन. ड्रिलच्या तासाले. फुकट. मंग तं भाडं वाढवाल?"

शेठनी डोळे मिटून मनातल्या मनात हिशेब केला. डोळे उघडले तेव्हा ते हसत होते. "मास्टरजी, आप तो हमसे बड़े बनिए निकले. मंजूर. हेडमास्टर से एक रुपया ऊपर."

खोलीत सगळे हसले. बाबासुद्धा. मैदानही राहिलं, भाडंही आलं, मास्तरांचा हट्टही पुरा झाला. त्या खोलीत एकाच्याही मनात एक साधा प्रश्न आला नाही. तो प्रश्न काय ते पुढे कळेल.

शेठच्या माणसांनी मैदान खळ्यासारखं शेणानं सारवलं. पूर्वेच्या कडेला पक्की फरशी करून पाहू म्हणून विटा-चुन्याचा एक लांब पट्टाही घातला. उकडलेलं धान लांबच लांब पट्ट्यांनी पसरलं जाई आणि थंडीच्या उन्हात त्याची वाफ निघे. पायांची बोटं धानात रुतवून, पाय ओढत पट्ट्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं, म्हणजे खालचं धान वर येतं. एक पट्टा संपला की मोकळ्या वाटेनं धावत परत यायचं आणि दुसरा धरायचा. अशी मास्तरांची ड्रिल सुरू झाली. धानात प्रत्येकाच्या पावलांच्या दोन रेघा उमटत आणि मास्तरांना जणू पोथी वाचायला मिळाली. "उंदरा, तुही डावी रेघ वाकडी हाये. कंबर ढिली सोड."

मुलं कमी पडू लागली तेव्हा मास्तर बाबांकडे आले आणि म्हणाले, मुलींनाही पाठवा. बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "धान फिरवायला काय हरकत आहे? ते बाईमाणसाचंच काम."

ड्रिल नको, धान चालेल! मी आणि यमूनं एकमेकींकडे बघायचंसुद्धा टाळलं, न जाणो आत्याच्या लक्षात यायचं.

मुलांनो, त्या दिवसांविषयी मला नीट लिहिता येईल असं वाटत नाही. पायाखाली ऊन ऊन धान, वरून थंड वारा, उकडलेल्या धानाचा तो गोडसर, ओलसर वास. पाय ओढत जायचं ते फक्त परतीच्या धावेसाठी. परकराचा ओचा खोचून त्या मोकळ्या वाटेवरून मी पहिल्यांदा धावले तेव्हा माझ्या छातीत इतका श्वास मावतो हे मला कळलं. मागून आवाज येई, "बदक, पाय सरळ! खाली नोको पाहू, पुढं पाह्य!" आणि पाय खरोखरच सरळ पडू लागले होते. मी रेघा पाहून खात्री करून घेत असे. आजही थंडीत कुठे भात शिजल्याचा वास आला की पिंढऱ्या आधी जाग्या होतात, मग मी.

महिना भरला. पगाराच्या दिवशी हेडमास्तर सकाळीच जवळच्या नागरा गावी शंकराच्या देवळात दर्शनाला निघून गेले. एरवी ते सोमवारीही जात नसत. कारकून दौत घेऊन मैदानात आला. मास्तरांनी पैसे घेतले, त्यातला एक रुपया वेगळा काढला, विटांच्या पट्ट्यावर वाजवून कान देऊन ऐकला, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मग कोटासकट मैदानाला एक पूर्ण फेरी मारली. मुलं ओरडत होती. कारकूनही हसत होता. मास्तरांचा चेहरा मात्र देवळातून बाहेर पडणाऱ्या माणसासारखा झाला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही तासाला मैदानात गेलो तर आमच्या रांगेमागे आणखी एक रांग उभी होती. गिरणीतल्या बायांची. लुगड्याचे कासोटे मारलेले, डोक्याला फडकी बांधलेली, आणि सगळ्यांचे हात कवायतीतल्या मुलांसारखे वर. सगुणाबाई नावाची बाई सगळ्यांत पुढे होती. ती गिरणीत धान फिरवणाऱ्या बायांची मुकादम होती, आवाज रेल्वेच्या इंजिनासारखा.

मास्तर म्हणाले, "हे काय होय, बाई?"

"ड्रिल होय. आमालेबी शिकवा ना गा, मास्तर. ड्रिल केल्यानं पगार वाढते म्हन्ते."

मुलं खिदळली. सगुणाबाईनं हात खाली घेतले नाहीत. "हासा, हासा. तुमी हासत हासत धान फिरवता आन् आमाले मुनीम म्हन्ते दुपारून येऊ नोका. अर्धा रोज कापला आमचा. तुमची लेकरं फुकट धावून राहिली, मंग आमाले कोन बलावते?"

मास्तरांच्या टाचा जमिनीला टेकल्या. मी हे डोळ्यांनी पाहिलं. "बाई, माह्या बापाची आन. मले मालूम नोतं."

"मालूम नोतं, तं पुढं पुढं धावता कायले?" सगुणाबाई म्हणाली. "ज्याइचे पाय त्याइले तं पुसाचं होतं."

मास्तरांनी आतल्या खिशातून तो रुपया काढला आणि तिच्यापुढे धरला. तिनं हात वरच ठेवले. म्हणाली, "तुमचा पगार तुमच्यापाशी ठेवा. आमाले आमचं काम द्या."

मास्तर आमच्याकडे वळले. "निंगा धानातून," ते म्हणाले. "सप्पा जनं निंगा." आम्ही धानाबाहेर आलो. बाया धानात शिरल्या आणि पाय ओढू लागल्या. त्यांच्या रेघा इतक्या सरळ आणि सारख्या होत्या की मास्तरांना वाचायला त्यात काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी ते घरी आले. बाबांनी शेठना बोलावून घेतलं होतं. मास्तर दारात न थांबता आत आले आणि म्हणाले, "माही वाढ परत घ्या. पोट्टे धान फिरवनार नाई."

शेठ म्हणाले, "सोच लो मास्टरजी. फिर भाड़ा भी पुराना. एक बार गया तो दुबारा नहीं मिलेगा."

"हव. तेच म्हनून राहिलो."

बाबा म्हणाले, "मास्तर, इतकी वर्षं तुम्ही यासाठी उभे राहिलात. हवं तर मी दुसऱ्या कुठल्या खर्चातून..."

"नाई, वकीलसाहेब." मास्तरांनी रुपया टेबलावर ठेवला. "म्या बसनाऱ्यापासून मांगला होता. हा तं धावनाऱ्याइच्याच पायातून निंगला."

ते गेले. बाबांनी त्या रुपयाला हात लावला नाही. दाराआड मी वाट पाहत होते की मास्तर आम्हा मुलींबद्दल काही बोलतील. ते बोलले नाहीत. सगुणाबाईचं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं. बायांचा रोज त्यांना परत मिळाला याचा आनंद मानायला हवा, हेही कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी ड्रिलच्या तासाला मी पुन्हा शिवण घेऊन बसले. मैदानात धान होतं, म्हणून मास्तर मुलांना नागऱ्याच्या रस्त्यानं धावायला घेऊन गेले होते. खिडकीतून बायांचे पाय धानात सरसरत असल्याचा आवाज येत होता, आणि मी टाका चुकत होते.

हेडमास्तर मात्र त्या आठवड्यात आयुष्यात पहिल्यांदा मैदानात आले. मास्तरांबरोबर एक फेरी चालले. शेवटी त्यांना काहीतरी बोलायचं असावं, पण त्याआधी मास्तरच म्हणाले, "साहेब, डावा पाय ओढून राहिले तुमी." हेडमास्तर म्हणाले, "हो, लहानपणापासून." एवढंच. पण पुढे पगाराच्या दिवशी ते कुठे दर्शनाला गेले नाहीत.

मग एका दुपारी शाळा सुटता सुटता सगुणाबाई आमच्या खिडकीशी आली. ऊन कलायच्या आत बाया धान ओढून ढीग करत, ताडपत्र्या टाकत, आणि मुनीम रोज वाटायला येईपर्यंत कडेला बसून राहत. तेवढा वेळ सारवलेलं मैदान अख्खं रिकामं असे. ती गजातून म्हणाली, "ये वो पोरी, तू दिवस कायले मोजून राहिली इथं बसून? चाल, दोन फेरे मार. धान आमचं हाये, जागा तं नाई ना आमची."

यमू म्हणाली, "घरी रागावतील."

"सांग, सगुणाबाईपाशी होतो. आमी बसलो आहो ना राखन."

आत्यानं विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं. ती म्हणाली, "बायांमध्ये होतीस ना? मग असू दे."

त्या दिवसापासून होळीपर्यंत आम्ही रोज धावलो. धानाशिवाय, पाय न ओढता, नुसत्याच. बाया विड्या ओढत, एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढत बसलेल्या असत आणि आमच्यावर पैज लावत. सगुणाबाई नेहमी यमूवर लावी आणि मी जिंकले की माझ्यावरच ओरडे. मास्तर मुलांना घेऊन परतत तेव्हा आमची शेवटची फेरी चाललेली असे. मुलींकडे पाहणं बरं दिसणार नाही म्हणून ते रुळांकडे तोंड करून उभे राहत, आमच्याकडे पाठ. आणि तशा पाठमोऱ्या उभ्या माणसाकडून, नुसत्या पावलांच्या आवाजावरून, हाक येई, "बदक! शाब्बास. आता सरळ पडून राहिले."

पुढच्या वर्षी शेठनी रुळांपलीकडे स्वतःचं वाळवण बांधलं. दिवाळीनंतर मास्तर नेहमीप्रमाणे दारात आले. बाबा म्हणाले, "अर्ज ना?"

"अर्ज हाये, पन रुपयाचा नाई. पोरीइले मैदानात एक तास द्या. पोट्ट्याइचा आटोपल्यावर."

"आणि त्याचे जास्तीचे पैसे?"

"नोको."

मास्तरांना जास्तीचे पैसे द्यायचे नव्हते, म्हणून कमिटीनं तो तास एका बैठकीत मंजूर केला. राखणीला सगुणाबाई येऊन बसेल, असंही त्यात लिहिलं गेलं, आणि तिच्या बसण्याचा मोबदला ठरला. तो ठरवून घेतल्याशिवाय मास्तर दारातून हलले नाहीत.

मला तो तास एकच वर्ष मिळाला. मग मी मॅट्रिक होऊन नागपूरला कॉलेजात गेले. पहिल्या सुट्टीत घरी आले तर मास्तर शाळेत नव्हते. सालेकशाकडे आपल्या गावी, शेतीवर निघून गेले होते, असं कारकुनानं सांगितलं. शेवटचा पगारही त्यांनी मैदानातच घेतला होता. त्यांच्या गावाचं नाव कोणाला नक्की माहीत नव्हतं. त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. पुढे रायपूरला जाताना सालेकसा स्टेशनावर गाडी थांबली की मी खिडकीशी जाऊन बसत असे. तुमचे आजोबा विचारत, कोणी यायचं आहे का? मी म्हणे, नाही. फलाटावर उतरून चालत जाणाऱ्या माणसांचे पाय मी पाहत असे. टाचा वर उचलून चालणारं कोणी दिसलं नाही. आता त्या मार्गानं जाणं होत नाही, पण गाडीची शिट्टी ऐकली की अजून मी पाय पाहायला वळते.

सगुणाबाई, शेठ, हेडमास्तर, आत्या, बाबा, यमू, सगळे गेले. शाळेची जुनी इमारतही पाडून नवी बांधली आहे. मैदान अर्धं उरलं आहे. त्याच्या पूर्वेच्या कडेला शेठनी धानासाठी घातलेला विटा-चुन्याचा पट्टा अजून आहे. कडा ढासळल्या आहेत, पण मधला भाग घट्ट आहे. शाळेतल्या मुली लांब उडीच्या आधी त्यावरून धावत येतात.

तुमची,
आजी